खुर्चीच्या आधी सतरंजी

मे महिन्यात गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात दिवस पहाटे चारला सुरू होतो. ऊन तापायच्या आत तेंदूची पानं तोडून घरी आणायची, मग सावलीत बसून पुडे बांधायचे. सत्तर पानांचा एक पुडा. दिवस कलला की पुड्यांची ओझी डोक्यावर घेऊन फळीवर, म्हणजे पानं मोजून घ्यायच्या जागी, जायचं. तिथं मुन्शी मोजतो आणि वहीत टिपतो. तोडायला घरची सगळीच माणसं जातात, पण बांधायचं काम बहुतेक बायकांचं आणि पोरांचं. पुडा सैल बांधला गेला तर कुणाचा हात आळशी, हे फळीवरची कुठलीही म्हातारी न चुकता सांगेल. वहीत नाव मात्र बहुधा घरच्या पुरुषाचं.

महिला नेतृत्वाची चर्चा नेहमी सरपंचाच्या खुर्चीपासून सुरू होते. गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांत ती फळीपासून आणि ग्रामसभेच्या सतरंजीपासून सुरू करावी लागते, कारण इथल्या बायका खुर्चीवर पोचल्या त्याच्या कितीतरी आधी सतरंजीवर बसून भांडायला शिकल्या होत्या.

खुर्चीचा कायदा मात्र सांगितलाच पाहिजे. तो लवकर उरकून घेऊ. महाराष्ट्रानं १९९० मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांसाठी ३० टक्के जागा राखल्या. २४ एप्रिल १९९३ रोजी त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली आणि देशभर किमान एक तृतीयांश जागांचं बंधन आलं. २०११ मध्ये राज्यानं तो वाटा निम्म्यावर नेला. गडचिरोलीचा मोठा भाग आणि चंद्रपूरचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथं अशा क्षेत्रातल्या पंचायतींसाठीचा १९९६ चा पेसा कायदा लागू असल्यानं सरपंचपद आदिवासीच्याच वाट्याला येतं आणि त्यातली निम्मी पदं आदिवासी बाईच्या. कागदावर पाहिलं तर एखाद्या माडिया किंवा गोंड बाईला इतकी सत्ता याआधी कुठल्याच राजवटीनं देऊ केली नव्हती.

कागदाबाहेर आलं की ‘सरपंचपती’ भेटतो. हा शब्द कुठल्याही कायद्यात नाही, पण तालुक्याच्या प्रत्येक कार्यालयात त्याला बसायला खुर्ची मिळते. बाईंनी सही करायची आणि कामाचं साहेबांशी बोलायचं, अशी वाटणी. लोक बाईला ‘सरपंचबाई’ म्हणतात आणि नवऱ्याला ‘सरपंचसाहेब’. कुणाचं वजन किती, ते या दोन हाकांतच कळतं. दोष एकट्या नवऱ्याचा नाही. निधी, निविदा, ऑनलाइन नोंदी, पंचायत समितीच्या चकरा हा कारभार असा रचलेला आहे, की मोटारसायकल, मोबाइल आणि रिकामा दिवस ज्याच्याजवळ आहे त्याच्याच हातात तो जातो. पहाटे चारला उठणाऱ्या बाईजवळ यातलं फारसं काही नसतं.

त्यात अडसर आणखी. सप्टेंबर २००१ नंतर दोनांहून अधिक मुलं झाली असतील तर महाराष्ट्रात पंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. तिसरं मूल होऊ द्यायचं की नाही, हे ठरवण्याचा अधिकार जिला घरात नसतो, तिचं सदस्यत्व त्याच कारणानं जातं. राखीव जागेवर निवडून आलेल्या उमेदवाराला जातवैधता प्रमाणपत्र मुदतीत द्यावं लागतं, आणि लग्न होऊन दुसऱ्या गावी, कधी दुसऱ्या राज्यात आलेल्या बाईनं माहेरचे पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे कागद गोळा करणं ही वेगळीच मोहीम असते. अविश्वास ठरावाचं हत्यार तर कायम उपसलेलं. महिलेसाठी राखीव असलेल्या सरपंचपदाविरुद्ध ठराव मंजूर व्हायला दोन तृतीयांशऐवजी तीन चतुर्थांश मतं लागतील, अशी तरतूद राज्याला करावी लागली. कायदा करणाऱ्यांना गावं चांगली ठाऊक होती, एवढं त्यावरून कळतं.

राखीव खुर्चीचा उपयोग होतो की नाही, यावर सगळ्यांत गाजलेला अभ्यास इथून दूर झाला. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि पुढं नोबेल मिळवणाऱ्या एस्तेर दुफ्लो यांनी पश्चिम बंगालमधला बीरभूम आणि राजस्थानातला उदयपूर या जिल्ह्यांतल्या २६५ पंचायती तपासल्या आणि २००४ मध्ये निष्कर्ष मांडला: जिथं प्रमुखपद महिलेसाठी राखीव होतं, तिथं पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च झाला. पाणी भरायला कोण जातं हे ठाऊक असणाऱ्याला याचं आश्चर्य वाटायला नको. २०१२ मध्ये बंगालमधल्याच ४९५ गावांचा आणखी एक अभ्यास आला. मुलगा आणि मुलगी यांच्याकडून आईबापांच्या असलेल्या अपेक्षांतलं अंतर राखीव पंचायतींच्या गावांत कमी झालेलं दिसलं, पण कुठं? जिथं पद लागोपाठ दोनदा राखीव होतं, तिथं. एकाच खेपेत फारसं काही हललं नव्हतं.

आपल्याकडची अडचण नेमकी इथं आहे. सरपंचपदाचं आरक्षण फिरतं असतं आणि दर पाच वर्षांनी तहसीलमध्ये सोडत निघते. पहिली दोन वर्षं कागद समजून घेण्यात, तिसरं कुरघोड्या निस्तरण्यात, आणि चौथ्या वर्षी बाई कुठं स्वतःच्या आवाजात बोलू लागते तोवर मुदत संपत येते. मग पद खुलं होतं आणि तिच्याच वॉर्डातला एखादा भाऊ म्हणतो, “आता आमची पाळी.” नियमही स्थिर नाहीत. २०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरलं, २०२० मध्ये ते रद्द झालं, २०२२ मध्ये परत आलं.

ग्रामसभेला अशी मुदत नसते. तिथं निवडून जावं लागत नाही आणि तिथून कुणी पाडूही शकत नाही. मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक बाई मरेपर्यंत तिची सदस्य. प्रश्न एवढाच, की सभेत ती बसते कुठं आणि बोलते केव्हा.

इथल्या बायका पहिल्यांदा मोठ्या संख्येनं बोलल्या त्या दारूवरून.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. चार वर्षांनी डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी इथं ‘सर्च’ ही संस्था उभी केली. राणी बंगांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग असल्याचं निघालं. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’नं तो अभ्यास छापला आणि जगभर त्याची चर्चा झाली. त्या चर्चेत एक गोष्ट मागं पडते: या बायकांना ‘तुला काय होतं?’ असं त्याआधी कुणी विचारलंच नव्हतं. विचारल्यावर उत्तरं अंगावरच्या दुखण्यापाशी थांबली नाहीत. नवऱ्याच्या दारूवर आली, मारावर आली, बाजारात संपलेल्या मजुरीवर आली. जिल्ह्याच्या विकासावर सरकार जेवढं खर्च करतं त्याहून जास्त पैसा लोक दारूत घालवतात, हा हिशेब चळवळीनं गावोगाव मांडला. ठराव झाले, परिषदा भरल्या, आणि १९९३ मध्ये गडचिरोलीत दारूबंदी लागू झाली. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती आली तेच हे वर्ष. राखीव जागांच्या यादीत नाव येण्याआधीच इथल्या बायका पंचायतीकडून ठराव करून घेण्यात तयार झाल्या होत्या.

शेजारच्या चंद्रपुरात हाच धडा उशिरा आणि अधिक कडवटपणे गिरवला गेला. पारोमिता गोस्वामी यांच्या ‘श्रमिक एल्गार’ संघटनेनं २०१० मध्ये जिल्हा दारूबंदीची मागणी लावून धरली. त्या डिसेंबरात बायका चिमूरहून पायी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर गेल्या. चिमूर म्हणजे १९४२ च्या उठावाचं गाव, निघायला जागा साजेशी. पाचशेहून अधिक ग्रामपंचायतींनी बंदीच्या बाजूनं ठराव केले. हे ठराव आपोआप होत नाहीत. सभेला कोरम भरवावा लागतो, विषय पत्रिकेवर घ्यायला लावावा लागतो, आणि ग्रामसेवक प्रोसिडिंगमध्ये नेमकं काय लिहितो ते कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागतं. ज्या बाईला अक्षर येत नव्हतं, तीही ‘वाचून दाखवा’ म्हणायला शिकली. १ एप्रिल २०१५ रोजी बंदी आली. २०२१ च्या मे महिन्यात राज्य मंत्रिमंडळानं ती उठवली. बंदीनं चोरटी दारू वाढली, गुन्हे वाढले, महसूल बुडाला, ही कारणं दिली गेली, आणि त्यातली काही अगदीच खोटी नव्हती. तरी ज्यांनी ठराव केले त्यांना विचारायला पुन्हा कुणी सतरंजी अंथरली नाही, ही बोच राहतेच. गडचिरोलीत बंदी टिकली. २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ मोहिमेत गावोगावच्या बायकांचे गट चोरटी दारू शोधून काढण्याचं काम करत आले.

दारूच्या लढ्यानं बायका सभेत आल्या. त्या तिथं टिकल्या ते जंगलामुळं.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मेंढा नावाचं शंभरेक घरांचं गोंड गाव आहे. शेजारच्या लेखा गावामुळं जग त्याला मेंढा-लेखा म्हणतं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा इथली. गावातले नेते देवाजी तोफा यांचं नाव यासोबत येतं, आणि मोहन हिराबाई हिरालाल यांचंही. आडनावाऐवजी आईचं आणि वडिलांचं नाव लावणारा हा माणूस गावाच्या अभ्यासगटाचा सोबती होता. मेंढ्यावर पुष्कळ लिहिलं गेलं, त्याच्या जंगलातल्या बांबूवर तर फारच. या प्रकरणाच्या कामाची गोष्ट मात्र सभेच्या रीतीत आहे. तिथं निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वसहमतीनं होतो. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या सभेवर.

वरवर ही रीत संथ आणि भाबडी वाटते. बाईच्या बाजूनं पाहिलं तर तिचा अर्थ बदलतो. हात वर करून मतदान झालं की घरचा पुरुष ज्या बाजूला, त्या बाजूला बाईचा हात. तिची संख्या मोजली जाते आणि मत हरवतं. सहमतीच्या सभेत मागं बसलेली एखादी आजी ‘मला हे पटत नाही’ म्हणाली, की बैठक तिथं अडते आणि तिला समजावायला तरी सगळ्यांना तिचं म्हणणं ऐकावं लागतं. मेंढ्यानं ऐंशीच्या दशकात गावात दारूबंदी केली. देवाधर्माच्या कार्यापुरती सूट ठेवली, पण रोजचं पिणं आणि विकणं थांबवलं. हा निर्णय एका बैठकीत झाला नाही, चर्चा लांबत राहिली. बहुमतानं तो लवकर झाला असता, आणि लवकरच मोडलाही असता.

२००६ च्या वनहक्क कायद्यानं या रीतीला सरकारी आधार मिळाला. जमिनीचा वैयक्तिक पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचा, हे त्यात लिहिलेलं आहे. वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश महिला हव्यात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ग्रामसभेचा कोरम निम्म्या सदस्यांचा झाला आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका असल्याच पाहिजेत, असं ठरलं. म्हणजे बायका आल्या नाहीत तर सभा बेकायदा, आणि सभा बेकायदा तर वनहक्काचा दावाही अडकला. ‘बाया कुठं आहेत? बोलवा त्यांना’ असं म्हणत पुरुषांना घरोघर फिरायला लावणारा नियम भारतीय कायद्यांत विरळाच.

मेंढ्याला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात अगदी पहिल्या काही गावांत. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना वनखातं देईना. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांसोबत गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्यानंतर दोन वर्षांत तेंदूचंही बदललं. २०१३ पासून काही ग्रामसभा स्वतः पान विकू लागल्या. पूर्वी भाव ठरायचा ठेकेदार आणि खात्यात. आता लिलावाचा निर्णय, मजुरी, बोनस, फळीवर मुन्शी कोण बसणार, पैसे कुणाच्या खात्यात जाणार, हे सगळं सतरंजीवर आलं. इथल्या ग्रामसभांच्या हाती येणारी रक्कम पुष्कळदा ग्रामपंचायतीच्या वर्षभराच्या निधीलाही मागं टाकते. सत्ता खुर्चीतून उठून खाली येऊन बसली म्हणायची.

उत्तरेला छत्तीसगडच्या सीमेवरच्या कोरची तालुक्यात बायकांनी हे फार नेमकं ओळखलं. ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ ही डॉ. सतीश गोगुलवार आणि शुभदा देशमुख यांची संस्था तिथं वर्षानुवर्षं बचत गटांचं काम करत होती. गटांतून महिला परिसर संघ तयार झाला. बचतीच्या निमित्तानं जमलेल्या बायका मारहाणीची प्रकरणं हाताळू लागल्या, मग रेशनची, मग जंगलाची. झेंडेपारच्या लोहखनिजाच्या खाणीला विरोध उभा राहिला, त्यातही त्या पुढं होत्या. पुढं तालुक्यातल्या नव्वदच्या आसपास ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा स्थापली, तेव्हा कुमारीबाई जमकातन यांच्यासारख्या कार्यकर्त्या तिथं आधीच तयार होत्या. प्रत्येक ग्रामसभेनं प्रतिनिधी पाठवायचे ते दोन पुरुष आणि दोन बायका, असा दंडक पडला.

इथं एक भ्रम बाजूला सारला पाहिजे. ‘आदिवासी समाजात बाईला मुळातच बरोबरीचं स्थान असतं’ हे वाक्य शहरी लेखांत फार सैलपणे फिरतं. त्याला आधार नाही असं नाही: २०११ च्या जनगणनेत गडचिरोलीत हजार पुरुषांमागं ९८२ बायका होत्या, तर राज्यात ९२९. हुंडा नाही, विधवेला दुसरं घर करता येतं, हे सारं खरं. पण गोंडांच्या परंपरागत इलाखा पंचायतीत न्यायनिवाड्याला बसायचे ते पुरुष. जमीन पुरुषाकडून पुरुषाकडं जायची. कोरचीच्या बायकांना जसं वनखात्याशी आणि कंपन्यांशी बोलावं लागलं, तसं स्वतःच्या इलाख्यातल्या मोठ्या माणसांशीही बोलावं लागलं. हे दुसरं बोलणं जास्त अवघड, कारण समोर मामा, सासरे आणि दीर बसलेले असतात.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव वेगळ्या वाटेनं गेलं. २०१२ मध्ये हजार हेक्टरांच्या आसपास जंगलावर हक्क मिळाल्यावर तिथल्या ग्रामसभेनं बांबूचा धंदा हाती घेतला आणि तेंदू तोडणं मात्र बंद केलं. तेंदूला कोवळी पानं फुटावीत म्हणून हंगामाआधी खुटकटाई करतात, जंगलाला आगी लावतात. त्यानं रोपं जळतात आणि टेंभरं धरत नाहीत, हे गावानं जोखलं. हातचं नगद पीक सोडून द्यायचा निर्णय घराघरांतल्या पुडे बांधणाऱ्या हातांना पटल्याशिवाय टिकत नाही.

खुर्चीकडं आता परत वळता येईल. गडचिरोलीच्या भामरागड तालुक्यातली कोठी ही नऊ गावांची ग्रामपंचायत. नक्षलवाद्यांच्या धाकानं या भागात उमेदवारी अर्जच येत नसत, आणि कोठीला कित्येक वर्षं सरपंचच नव्हता. भाग्यश्री लेकामी ही माडिया तरुणी तेव्हा विशीत होती. आई अंगणवाडी सेविका, वडील शिक्षक. ती खेळाडू, चंद्रपूरला शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम करत होती. गावकऱ्यांनी बैठकीत तिचं नाव पुढं केलं आणि ती बिनविरोध सरपंच झाली. पुढं वर्तमानपत्रांनी मोटारसायकलवरून पाडे पालथे घालणारी सरपंच म्हणून तिचे फोटो छापले. फोटो सुंदर होते. पण तिच्या गोष्टीत मोटारसायकलहून महत्त्वाचं आहे ते निवडीचं स्थळ. सोडतीनं पद आदिवासी बाईकडं दिलं, आणि बाई कोणती, हे गावानं बसून ठरवलं. तिला आणणारा कुणी पुढारी नव्हता, म्हणून तिच्या नावानं कारभार करायला ‘साहेब’ही नव्हता. शिवाय तिचं लग्न झालेलं नव्हतं, ही बाजू लेखांत येत नाही. कोठीच्या लोकांच्या ती नक्की ध्यानात असावी.

असे प्रयोग महाराष्ट्रात अगदीच नवे नव्हेत. १९८९ मध्ये शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीनं जळगावच्या विटनेरला आणि चंद्रपूरला लागून असलेल्या यवतमाळातल्या मेटीखेड्याला सगळ्याच्या सगळ्या महिलांची पंचायत निवडून आणली, तेव्हा आरक्षण नव्हतंच. विटनेरात पुढं नवऱ्यांनी बायकांच्या नावे जमीन केली. आधी संघटना, मग पद, हा तिथलाही क्रम होता.

सतरंजीलाही तिची शिवाशिव आहेच. गडचिरोलीच्या अनेक माडिया आणि गोंड गावांत पाळीच्या दिवसांत बाई घरात राहत नाही. गावाच्या कडेला असलेल्या कुर्माघरात जाते. लहानशी झोपडी, पुष्कळदा दार नाही, दिवा नाही, पावसाळ्यात खाली ओल, सापविंचवाचं भय. त्या दिवसांत तिनं कुणाला शिवायचं नाही, सभेत तर यायचंच नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं या प्रथेची दखल घेतली. नंतर काही गावांत पक्की, पाण्याची आणि शौचालयाची सोय असलेली घरं बांधली गेली. त्यावरून वाद झाला: चांगलं घर बांधणं म्हणजे प्रथेलाच सिमेंट लावणं नव्हे काय? गावातल्या पुष्कळ बायकांचं उत्तर सरळ होतं. प्रथा मोडेल तेव्हा मोडेल, या पावसाळ्यात निजायला कोरडी जागा हवी. सरपंच बाई असो वा पुरुष, हा विषय मासिक सभेच्या पत्रिकेवर आणायला जीभ अडखळते. आणि तेंदूच्या लिलावाची सभा नेमकी त्या चार-पाच दिवसांत लागली, तर हजेरीच्या रजिस्टरवर एका बाईचा अंगठा कमी पडतो. त्याचं कारण प्रोसिडिंगमध्ये क्वचितच लिहिलेलं सापडतं.